ग्वाल्हेर आग्र्याहून एका दिवसात? बघा बुवा!

मागच्या अंकात म्हटलं होतं की ग्वाल्हेर आणि आसपासच्या फिरण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर इतकी पत्रं आली की एका अंकात मावणार नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. उत्तरं देणारी मी लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्याच एका भागात, राहणारी, त्यामुळे थोडा पक्षपात होईल, तो चालवून घ्या.

प्रश्न (पुणे): नमस्कार ताई, आम्ही दिल्ली-आग्रा करतोय, त्यातला एक दिवस ग्वाल्हेरला ठेवलाय. सकाळी आग्र्याहून निघून रात्री परत. सोबत आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीपुढचे. किल्ला, जयविलास पॅलेस, तानसेनाची कबर, झाशीच्या राणीची समाधी एवढं होईल ना?

होईल, म्हणजे फोटो होतील. आग्र्याहून १२० किमीच्या आसपास अंतर आहे, पण जाता-येता चार-पाच तास गाडीतच जातात आणि मग जो दिवस उरतो त्यात किल्ल्यावर दोन तास, पॅलेसमध्ये दोन तास, बाकी सगळं गाडीच्या काचेतून. आई-बाबांना एवढं दमवून काय मिळवणार? दोन रात्री राहा. नसेल जमत तर निदान एक मुक्काम करा आणि यादीतली दोन नावं खोडा.

आधी गाव समजून घ्या कारण गूगल मॅपवर सगळं एकच दिसतं. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, तिकडेच हजिरा भाग आणि तानसेनाची कबर. दुसऱ्या बाजूला लश्कर, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तळ टाकला आणि तो तळ पुन्हा उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. तिसरं मुरार, ही इंग्रजांची जुनी छावणी. हॉटेल शक्यतो लश्कर किंवा स्टेशनच्या बाजूला घ्या.

किल्ल्याला दोन वाटा आहेत, आणि बाहेरून आलेले नव्वद टक्के लोक इथेच घोळ घालतात. पश्चिमेची उरवाई गेटची वाट गाडीची, चारचाकी थेट वर जाते. पूर्वेची ग्वाल्हेर गेटची वाट पायी चढायची, चांगलीच चढण आहे. तुमच्यासाठी माझं म्हणणं असं की सगळ्यांनी उरवाईनं गाडीनं वर जा, वाटेत कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती लागतात तिथे गाडी थांबवाच, पंधराव्या शतकातल्या आहेत, तोमर राजांच्या काळातल्या, सगळ्यात उंच आदिनाथाची मूर्ती ५५ फुटांच्या वर आहे. बाबर इथे येऊन गेला तेव्हा त्यानं या मूर्ती मोडायला सांगितल्या, हे त्यानं स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. नंतर कित्येकांचे चेहरे चुन्यानं पुन्हा घडवलेत, नीट बघितलं की जोड कळतो.

वर मानमंदिर. मानसिंह तोमराचा महाल, त्याचा काळ १४८६ ते १५१६. बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या टाइल्स, बदकांची रांग, हत्ती, मगरी, केळीची झाडं, पाचशे वर्षांचा तो निळा अजून तसाच. आतून महाल छोटा वाटतो, तो खाली उतरतो, दोन मजले जमिनीखाली आहेत. खालचे जिने अरुंद आणि काळोखे, आई-बाबांना वर चौकातच बसवा. हवेसाठी भिंतीत मार्ग ठेवलेत, झुल्याच्या कड्या दाखवतात, आणि नंतर मुघलांनी याच किल्ल्याचा तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद इथेच कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला. शिखांचे गुरू हरगोबिंदही इथे कैदेत होते, त्यांच्या आठवणीचा गुरुद्वारा किल्ल्यावर आहे, दुपारी लंगर असतो, जरूर जा.

तेली का मंदिर आणि सास-बहू दोन्ही वरच आहेत. सास-बहू म्हणजे सासू-सुनेचं भांडण वगैरे गाइड रंगवून सांगतो, मूळ नाव सहस्रबाहू, विष्णूचं देऊळ, १०९३ चा शिलालेख तिथेच आहे. तेली का मंदिर त्याहून जुनं, शंभरेक फूट उंच, आणि त्याचं छप्पर उत्तरेतल्या देवळांसारखं टोकदार नाही, लांबट आणि गोलाकार. ते का, यावर तज्ज्ञांची चर्चा चालू असते, आपण नुसतं बघावं.

आता उतरताना ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी मानमंदिराशेजारच्या हाथी पोल दरवाजातून पूर्वेच्या वाटेनं चालत उतरायचं आणि ड्रायव्हरला आई-बाबांना घेऊन वळसा मारून खाली ग्वाल्हेर गेटला बोलवायचं. हे मी सगळ्यांना सांगते आणि जवळपास कोणी ऐकत नाही. याच वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, एका दगडात कोरलेलं, छोटंसं, लोक त्याच्यासमोरून पाणी पीत निघून जातात. त्यात इ.स. ८७६ चा लेख आहे. फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या, असा साधा देणगीचा हिशोब. पण २७० आणि ५० मधलं शून्य तिथे आपण आज लिहितो तसंच गोल काढलंय! गाइड म्हणेल हे जगातलं पहिलं शून्य. तसं नाहीये, कंबोडियात ६८३ चा लेख सापडलाय त्यात शून्यासाठी ठिपका आहे. पण भारतात दगडावर तारखेसकट आणि स्थानमूल्यासकट नीट वाचता येणारं शून्य बघायचं तर इथेच यावं लागतं, आणि ते कुठल्या राजाच्या पराक्रमात नाही तर माळ्यांच्या कामात सापडतं याचं मला फार अप्रूप आहे. मुलं सोबत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, शोधायला मजा येते. कधीकधी कुलूप असतं, जाळीतून जे दिसेल ते.

खाली उतरलात की गुजरी महाल, तिथलं म्युझियम सोमवारी बंद. हे म्युझियम संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या मो. ब. गर्दे यांनी १९२० च्या सुमारास उभं केलं, आपल्या मराठी माणसांना त्यांचं नावही माहीत नसतं. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे स्त्रीची प्रसिद्ध मूर्ती, दाखवा असं सांगून बघा, ती कुलपात ठेवलेली असते.

तुमच्या यादीतून काय खोडायचं ते मी नाही सांगणार, पण किल्ल्यावरचा साउंड अँड लाइट शो एक दिवसाच्या ट्रिपमध्ये बसत नाही, संध्याकाळी असतो.

प्रश्न (सांगली): राणीची समाधी आणि शिंद्यांचा जयविलास एकाच दिवशी बघायचं म्हणजे मनाला कसंतरी होतं. तुम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं याबद्दल काय म्हणता?

घराघरात वेगवेगळं म्हणतात, आणि जेवताना सहसा हा विषय काढत नाहीत. घडलं ते एवढं. १८५८ च्या जूनच्या सुरुवातीला काल्पीहून माघार घेत राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर आले, शिंद्यांच्या फौजेतले बरेच लोक त्यांना जाऊन मिळाले, आणि चोवीस वर्षांचे जयाजीराव दिवाण दिनकरराव राजवाड्यांसह आग्र्याला इंग्रजांकडे गेले. मग इंग्रज सेनापती ह्यू रोज आला, कोटा-की-सराय इथे लढाई झाली, १८ जूनला राणी पडली. बाबा गंगादासांच्या मठात साधूंनी अंत्यसंस्कार केले, समाधी फूलबागेजवळ आहे. जयविलास झाला नंतर, १८७४ मध्ये.

पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. शिंदे इंग्रजांच्या बाजूनं राहिले तरी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी लगेच परत दिला नाही, आपलं सैन्य वर बसवून ठेवलं ते १८८६ पर्यंत. आणि परत दिला तो अदलाबदलीत, शिंद्यांना ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार, त्या बदल्यात इंग्रजांना झाशी! जिच्यासाठी राणी लढली ते गाव आणि तो किल्ला मध्यंतरी शिंद्यांकडे होता, आणि तो असा हातचा गेला. हे माहीत असलं की दोन्ही जागा एकाच दिवशी बघाव्यात असं मला तरी वाटतं, फार लांबही नाहीत एकमेकांपासून. आधी समाधी, मग पॅलेस. उलटं केलंत तर झुंबरं बघून डोळे दिपलेले असतात आणि समाधीपाशी पाच मिनिटं पण कोणी थांबत नाही.

पॅलेसमधलं सांगायचं तर दरबार हॉलची दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची, ती टांगण्याआधी छत पेलेल का बघायला वर हत्ती चढवले होते म्हणतात. जेवणाच्या टेबलावर रुळावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, सिगार आणि ब्रँडी घेऊन फिरायची. मुलं तिथून हलत नाहीत. मराठा इतिहासाचं वेगळं दालन केलंय अलीकडे, तेही बघा. तिकीट आपल्या मानानं महाग आहे, आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा.

प्रश्न (नाशिक): बटेश्वर, मितावली, पढावली इथल्या देवळांचे फोटो सगळीकडे दिसतात. चंबळचा भाग आहे, फॅमिलीला घेऊन जाणं सेफ आहे का? बसनं जमेल का?

जा, शंभर टक्के जा. बसचा नाद सोडा, गाडी करा, ग्वाल्हेरहून चाळीस किमीच्या आत आहे. सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत तिन्ही होतात, एकमेकांपासून काही किलोमीटरवरच आहेत. रस्ता शेवटी शेवटी खेड्यांतून जातो, ट्रॅक्टर आणि म्हशी यांचा हक्क आधी.

सेफचं म्हणाल तर आता दरोडेखोर वगैरे काही नाही, पण एके काळी होते आणि बटेश्वरची गोष्ट त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. आठव्या ते दहाव्या शतकातली, प्रतिहार राजांच्या काळातली सुमारे दोनशे छोटी देवळं या घळीत होती, ती सगळी कोसळून दगडांचा नुसता खच पडलेला. २००५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी काम हातात घेतलं तेव्हा हा भाग निर्भय गुज्जरच्या टोळीचा. ही देवळं तुमच्याच पूर्वजांची, म्हणजे गुर्जर-प्रतिहारांची, असं त्याला पटवून काम सुरू झालं. मुहम्मद यांनी हे स्वतः बऱ्याच ठिकाणी सांगितलंय. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, त्याच वर्षाच्या शेवटी निर्भय पोलीस चकमकीत मारला गेला आणि मग त्याच्या भीतीनं बंद असलेलं दगडखाणीचं काम पुन्हा सुरू झालं, सुरुंगाच्या हादऱ्यांनी उभी केलेली देवळं पुन्हा धोक्यात. ते थांबवायला वेगळी धडपड करावी लागली. आज ऐंशीच्या आसपास देवळं उभी दिसतात. कामाची पद्धत म्हणजे पडलेल्या दगडांतून कुठला दगड कुठल्या देवळाचा हे हुडकायचं आणि मूळ जागी बसवायचा. देवळांच्या मागे अजून दगडांचे ढीग आहेत, तिकडे चक्कर मारा, काम केवढं होतं ते त्या ढिगांमुळे कळतं, नुसत्या उभ्या देवळांमुळे नाही.

पढावलीला बाहेरून गढी दिसते, आत देवळाचा मंडप. गोहदच्या जाट राजांनी (त्यांना राणा म्हणत) देवळाचेच दगड वापरून गढी केली. मंडपाच्या छताखाली जे कोरीवकाम आहे ना, त्यासाठी मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

मितावलीला शंभरेक पायऱ्या आहेत. वर गोल देऊळ, कडेनं चौसष्ट योगिनींच्या खोल्या, मध्ये शंकर. १३२३ चा लेख आहे. पार्लमेंटची जुनी बिल्डिंग यावरूनच केली असं तिथला प्रत्येक माणूस सांगेल, दिसतंही तसंच, पण ती बिल्डिंग करणारे आर्किटेक्ट बेकर किंवा लुट्यन्स इथे येऊन गेल्याचा कागद काही मिळत नाही, त्यामुळे मुलांना शाळेत सांगायला हे देऊ नका. मला तर वाटतं त्या देवळाला पार्लमेंटची शिफारस लागतच नाही.

अजून दम असेल तर सिहोनियाचं ककनमठ, अकराव्या शतकातलं, शंभर फुटांचं, बाहेरचे थर गळून पडलेत आणि दगडांवर दगड असा नुसता सांगाडा उभा आहे. बघताना वाटतं आत्ता पडेल. हजार वर्षं पडलेलं नाही. पण हे तिन्हीसोबत एकाच दिवशी केलं तर परतायला संध्याकाळ होते, अंधार पडायच्या आत हायवेला लागा. हे चोरांसाठी नाही सांगत, रस्त्यातल्या जनावरांसाठी सांगतेय.

पाणी, डबा आणि टोपी घरून. तिकडे खायला नीटसं काही नाही. बायकांनी टॉयलेटचं मलानपूरच्या आसपास उरकून घ्या.

प्रश्न (ठाणे): ग्वाल्हेरला मराठी जेवण कुठे मिळेल? सासूबाईंना पोळी-भाजीच लागते.

पोळी-भाजी कुठेही मिळेल, वरणाला फोडणी वेगळी असेल एवढंच. मराठी जेवण आमच्या घरांत आहे, हॉटेलांत शोधू नका. सासूबाईंना सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि तिखट बटाट्याची भाजी खाऊ घाला, नया बाजारातले बहादुराचे लाडू द्या, आणि थंडीत आलात तर मुरैन्याची तीळ-गुळाची गजक. मग पोळीची आठवण आली तर मला लिहा.

प्रश्न (नागपूर): मुलगी शास्त्रीय गाणं शिकते, ग्वाल्हेर घराण्याचंच. तिच्यासाठी म्हणून यायचं तर काय काय दाखवावं?

मग डिसेंबरात या, तानसेन समारोह असतो. २०२४ मध्ये शंभरावा झाला. सकाळ-संध्याकाळ सभा, हजिऱ्याला तानसेनाच्या कबरीजवळच मांडव, प्रवेश फुकट. एक सभा बेहटला, म्हणजे तानसेनाच्या गावी होते, तिथे गर्दी कमी आणि ऐकणं जास्त, जमलं तर ती गाठाच. तारखा दर वर्षी वेगळ्या असतात, त्या बघून मगच तिकिटं काढा.

इतर वेळी आलात तरी कबर बघा. खरी भव्य इमारत आहे ती सूफी संत महंमद घौस यांची, दगडी जाळ्या एकेक बघण्यासारख्या, आणि तानसेन त्यांच्या बाजूला उघड्यावर, साध्या चौथऱ्यावर. शेजारी चिंच आहे, पानं खाल्ली की आवाज गोड होतो म्हणून लोक ओरबाडतात. तुमच्या मुलीला म्हणावं रियाज कर, झाडाला सोड.

जीवाजीगंजात सरोद घर आहे, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर, जुनी वाद्यं ठेवलीत. आणि माधव संगीत विद्यालय, १९१८ चं, भातखंडे आणि माधवराव शिंदे यांच्यामुळे उभं राहिलेलं. आपल्याकडे ख्याल आला तो याच गल्ल्यांतून, हस्सू-हद्दू खाँच्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, आणि बुवांकडे मिरजेत विष्णू दिगंबर पलुस्कर. मुलीला ही नावं पाठ असतीलच, पण लश्करात संध्याकाळी जुन्या वस्तीतून चालत फिरवा तिला, बाड्यापासून सुरू करा. महाराज बाड्यावर एकाच चौकात टाऊन हॉल, पोस्ट, जुना छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट, प्रत्येक इमारत वेगळ्या धाटणीची, आणि मागे गोरखी, शिंद्यांचं जुनं राहतं ठिकाण आणि देवघर. व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये जळलं होतं, ते दुरुस्त करून तिथे आता भूगर्भशास्त्राचं म्युझियम केलंय. ट्रॅफिकचं मात्र काही बोलू नका आम्हाला, आम्ही रोज भोगतो.

प्रश्न (कोल्हापूर, आणि असेच आणखी तिघांचे): ग्वाल्हेर झाल्यावर एक दिवस हातात आहे. शिवपुरी करावं की दतिया-ओरछा? आणि कधी यावं?

झाशीकडे पुढे जाणार असाल तर दतिया, सरळ वाटेवरच आहे. बीरसिंह देवाचा सात मजली महाल, एवढा बांधला आणि राजघराणं तिथे राहिलंच नाही. वाटेत सोनागिरीची टेकडी लागते, वर ७७ पांढरी जैन मंदिरं, हायवे सोडून थोडं आत. दतियाला देवीचं पीतांबरा पीठ आहे, शनिवारी तिकडे मरणाची गर्दी, तो वार टाळा. ओरछा मात्र घाईत करू नका, तिथे राहायचंच.

ग्वाल्हेरलाच परत यायचं असेल तर शिवपुरी, सव्वाशे किमीच्या आत. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले, त्यांची आणि त्यांच्या आईची, सख्याराजेंची, छत्री (म्हणजे स्मारक) समोरासमोर आहे, मध्ये तळं. पांढऱ्या दगडातलं जडावकाम बघून लोक ताजमहाल ताजमहाल करतात, मला त्यातलं शिखर आणि घुमट यांचं मिश्रण जास्त आवडतं. राजमातेच्या मूर्तीला अजून रोज वस्त्रं बदलतात. तात्या टोपेंना १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीतच फाशी दिली, ती जागा पण बघा, छत्रीवरून लोक थेट जंगल सफारीला पळतात. सफारी करायची तर माधव नॅशनल पार्क आता टायगर रिझर्व्ह झालंय, पण वाघाच्या भरवशावर दिवस घालवू नका.

येण्याचा काळ ऑक्टोबर शेवट ते मार्च. मे-जूनमध्ये इथे ४५ च्या वर जातं, किल्ल्यावरचा दगड संध्याकाळी सातला पण भाजतो. पावसाळ्यात सगळं हिरवं होतं आणि बटेश्वर फार सुंदर दिसतं, फक्त उकाडा असतो. पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल, नाशिककरांना मंगला पण आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत धुकं पडतं, दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या चार-सहा तास सहज लेट होतात, तेव्हा परतीच्या ट्रेनला जोडून त्याच दिवसाचं दुसरं तिकीट किंवा ऑफिसची मीटिंग ठेवू नका.